अठरा चिरे

चिरा एक, बेचाळीस रुपये.
खाणीवरचा भाव. गाडीभाडं वेगळं.
अस्नोड्याच्या डेपोतला हा फळा माझ्या हातचा.
दर दसऱ्याला त्यातला आकडा तेवढा पुसते.

रेमेजिओ ब्रागांझा आला तेव्हा
मी कालच्या पावत्या टोचत होते तारेला.
काखेत पिशवी, पिशवीत सर्वेचा नकाशा,
घड्यांवर झिजून चौकोन चौकोन सुटलेला.
मधल्या तांबड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
"साठ फूट लांब. पाच फूट उंच. कितले जातले?"

पलीकडे कोण, ते विचारायचं नसतं.
सत्यवती च्यारी, हे सगळ्या गावाला ठाऊक;
तिचा फणस, याचं छप्पर,
दीड वर्षाच्या तारखा.

मी म्हटलं, बसा.
एका थरात पंचेचाळीस. थर आठ.
पंचेचाळीस अठ्ठे तीनशेसाठ.
शेकडा पाच फुटीला धरायचे, म्हणजे अठरा.
तीनशे अठ्ठ्याहत्तर गुणिले बेचाळीस,
पंधरा हजार आठशे शहात्तर.

त्याने पिशवीतून पैसे काढायला घेतले.
थांबा, म्हटलं, गाडी राहिली.
गाडीत मावतात एकशेऐंशी.
दोन खेपांत तीनशेसाठ गेले,
आणि हे अठरा इथेच, धुळीत,
तिसऱ्या खेपेची वाट बघत.
खेपेचे अठराशे.
म्हणजे त्यांतला एकेक पडतो
एकशेबेचाळिसाला.

"फळ्यार बेचाळीस बरयलां."
फळ्यावर चिऱ्याचा भाव आहे, म्हटलं,
तुमच्या भिंतीचा नाही.

बाहेर कटरवर कुणीतरी पाणी मारत होतं.
लाल चिखल उंबऱ्याशी येऊन थांबला.
"एक थर उणो केलो जाल्यार?"
तर दोन गाड्यांत होईल. सव्वाचार फुटांच्या थोडी वर भरेल.
त्याने हात छातीशी धरून उंची मापली.
"ना. मागीर तिचें तोंड दिसतलें."

मी पेन्सिलीचं टोक काढत बसले.
गिऱ्हाइकाला वेळ द्यावा लागतो,
सूट द्यायची नसली की जास्तच.

मग नकाशाकडे बघतच, हळू,
"आनी मदीं तीन फूट सोडले जाल्यार?"

सव्वादोन अठ्ठे अठरा.
माझ्या तोंडून निघून गेलं, कागद न घेता.
भिंतीतले अठरा कमी, तेच फुटीला पुरे.
तीनशेसाठ. दोन गाड्या.
सगळं धरून अठरा हजार सातशे वीस,
दोन हजार पाचशे छप्पन वाचले.

"गाडी वाचता म्हूण," तो म्हणाला.
"दुसरें कांय ना."
मी म्हटलं, खरंच.
गेट बसवणार का, ते विचारलं नाही;
गेटं आम्ही विकत नाही.

महिन्याने ड्रायव्हर सांगत आला:
भिंत झाली. पदेराची सायकल अजून त्याच्याच दारी थांबते,
आणि ती फटीतून येते उंडे घ्यायला,
एक शब्द न बोलता, चार.
फुटले पंधरा. तीन उरले,
ते मेस्तान फटीतच एकावर एक ठेवून गेला.
परत आणू?

परतीचा माल आम्ही घेत नाही.
तरी सवयीने मांडलं:
भाड्यासकट बावन्नाला एक,
तिन्हींचे एकशेछप्पन.
कुणाच्या खात्यावर, ते कळेना,
कारण तांबडी रेघ बरोबर त्यांच्या पोटाखालून जाते.

शुक्रवारी म्हापशाहून परतताना
बाजाराची पिशवी पायाशी ठेवून
एक बाई टेबलापुढे उभी राहिली.
पन्नासाची नोट. वीस. पाचाचं नाणं,
मग पदराच्या गाठीतून एकेक करत तीन रुपये.
"म्हज्या वांट्याचे," म्हणाली सत्यवती.
"सांजचें बसतां हांव थंय."

अठ्ठ्याहत्तर. बरोबर होते.
बावन्नाचा भाव तिला कुणी सांगितला, ते मी विचारलं नाही.
पावतीपुस्तकात 'मालाचे वर्णन' असा रकाना असतो,
पेन तिथेच टेकलेलं.